नगरभवन : शहराची बैठक

(गुढियारी, रायपूर येथील मराठी भाषकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



रेल्वेमार्गापलीकडची ही गुढियारी घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध आहे. व्यापारी, हमाल, नोकरदार एकाच रस्त्याने रोज ये-जा करतात. पण खरेदी-विक्रीचे निमित्त नसताना त्यांनी एकत्र बसावे कोठे?

ब्रिटिश अमदानीतील टाउन हॉल रायपुरातही आहे. त्या काळच्या अशा अनेक वास्तूंतून राज्यकर्त्यांचा दिमाख दिसे. स्वातंत्र्योत्तर वास्तुरचनाकारांपुढील प्रश्न वेगळा होता : सामान्य नागरिकाला आत पाऊल टाकताना संकोच वाटू नये, हे कसे साधावे?

याचे एक उत्तर पणजीत सापडते. कला अकादमी १९७० मध्ये स्थापन झाली. मांडवीकाठी कांपाल येथील तिची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचली व ती १९८३ मध्ये पूर्ण झाली. नावाने ती नगरभवन नाही. कार्याने मात्र आहे. वास्तू उंच नाही, आडवी पसरलेली आहे. रस्त्यावरून आत शिरलेला माणूस सावलीतून चालत नदीपर्यंत पोहोचतो. त्यासाठी तिकीट काढावे लागत नाही. नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी गोव्यातील माणसेच प्रेक्षक म्हणून रंगविली आहेत. मराठी व कोकणी नाटक, तियात्र, भजन यांच्या स्पर्धा आणि संगीताचे वर्ग यांमुळे गावोगावचे कलावंत या वास्तूशी जोडले गेले.

म्हणूनच २०१९ मध्ये ही वास्तू पाडण्याची भाषा होताच कलावंत, वास्तुरचनाकार आणि नागरिक विरोधात उभे राहिले. वास्तू वाचली, परंतु नूतनीकरण सुरू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. नोव्हेंबर २०२३ मध्ये अकादमी पुन्हा खुली झाली. यातून दोन बोध मिळतात. लोक ज्या वास्तूत वावरतात, तिचे रक्षणही तेच करतात; मात्र लोकांचे प्रेम देखभालीची जागा घेऊ शकत नाही.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. समितीला अधिकार हवेत, तशीच नागरिकांना समोर बसता येईल अशी जागाही हवी. प्रत्येक वस्तीत कोरिया येणार नाहीत. परंतु सावली, मोकळे दार, परवडणारे भाडे आणि देखभालीसाठी दरवर्षी राखून ठेवलेला निधी, एवढे आपणास मागता येईल. ती मागणी गुढियारीने करावी, एवढीच विनंती.