धाकटं भावंड कोण सांभाळणार?



या परिषदेसाठी लांबचा प्रवास करून आलेल्या शिक्षकांचं पानिपतच्या मराठी मंडळींतर्फे स्वागत करतो. आमच्यातली बरीच घरं सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांची, मूळची खानापूर-आटपाडीकडची. स्वागताध्यक्षाचं खरं काम मंडप आणि पंगत सांभाळण्याचं. भाषण हा मान असतो, तेव्हा थोडक्यात आटपतो.

इथे आलेला मराठी माणूस आधी काला अंबच्या युद्धस्मारकाचा रस्ता विचारतो. जरूर जा. पण १७६१ सोडून मराठी माणसाने या मुलखाला काय दिलं, असं कुणी विचारलं तर मी ताराबाई मोडकांचं नाव घेतो.

१८९२ साली मुंबईत, प्रार्थना समाजाच्या सदाशिवराव केळकरांच्या घरी त्या जन्मल्या. १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. त्याच वर्षाअखेरीस इथे पानिपतात उर्दू कवी मौलाना हाली वारले. मुलींनी शिकावं म्हणून हालींनी १८७४ मध्येच ‘मजालिस-उन-निसा’ लिहिलं होतं. दोघांची नावं एका दमात घ्यायला मला आवडतं, एवढंच.

अमरावतीचा संसार मोडल्यावर ताराबाई लहान मुलीला घेऊन राजकोटला गेल्या. स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या आणि १९२३ मध्ये ती मानाची जागा सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात रुजू झाल्या. एकट्या आईने आज असं केलं, तरी नातेवाईक काय म्हणतील ते आपण सगळे जाणतो. पुढे १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरचं शिशुविहार. शहरात नाव झालं होतं. तिथेच थांबल्या असत्या तरी कुणी बोल लावला नसता.

१९४५ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डी या खेड्यात गेल्या. सोबत अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या या बाई तेव्हा पस्तिशीच्या होत्या. बालवाडी उघडली, पण पाड्यावरची मुलं येईनात. पालकांना शिक्षणाची किंमत नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. आपल्यापैकी कितीजण आजही तेच म्हणतात! या दोघींनी मुलं दिवसभर करतात काय ते पाहिलं. कुणी धाकटं भावंड सांभाळत होतं, कुणी गुरांमागे होतं. मग शाळा पाड्यावरच्या अंगणात भरू लागली, ती अंगणवाडी. गुरं चरतात तिथे कुरणशाळा. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या, म्हणजे ताईने भावंड शेजारी ठेवायचं आणि वर्गात बसायचं. माँटेसोरीची महागडी साधनं नव्हती, तर शिंपले, बिया, खडे, पानं वापरली.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिच्यामार्फत अंगणवाडी देशभर गेली, या जिल्ह्यातल्या गावागावांतही आली. मात्र येताना तिच्यासोबत दलिया आला, वजनकाटा आला, रजिस्टरं आली. शिंपले आणि बिया बऱ्याच ठिकाणी वाटेत राहिल्या, असं माझं मत आहे. आणि सेविकेला अजून मानधनच मिळतं.

२२ जानेवारी २०१५ रोजी ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ची घोषणा याच शहरातून झाली. २०११ च्या जनगणनेत हरियाणात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३४ मुली होत्या, तेव्हा ती गरजेचीच होती. पण आमच्या शहरात जुने लोकरी कपडे फाडून त्यांचं पुन्हा सूत काढतात. त्या गोदामांत आई चिंध्या निवडत बसते आणि आठ-नऊ वर्षांची पोर कडेवर बाळ घेऊन दारात उभी असते. या पोरीला शाळेत घालायचं तर बाळाचं काय करायचं? बोर्डीत जो प्रश्न होता, तोच हा. परिषदेत ठराव भरपूर होतील. एखादा पाळणाघरावर व्हावा, ही यजमान म्हणून माझी मागणी समजा.

दुपारच्या सत्रात आसपासच्या गावांतल्या अंगणवाडी सेविका येणार आहेत. त्या हरियाणवीत बोलतील, आमची शाळकरी मुलं दुभाषे होतील. सेविकांना मार्गदर्शन करू नका, प्रश्न विचारा. जेवण दीड वाजता आहे. आता अध्यक्षांनी सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.