आईच्या वेगाने खाडीकाठी

आज लांब कुठे जायचं नाही. मुलुंडहून ऐरोलीचा पूल ओलांडायचा, बस्स.

चार वर्षं मी ऑफिसच्या बसने तो पूल ओलांडतेय. खाली दिसणारं हिरवं म्हणजे माझ्यासाठी नुसती झुडपं. खाडीचा वास आला की खिडकी बंद. आणि चालायचं तर हरिश्चंद्रगड वगैरे. सपाट वाटेवर काय चालायचं, असा माझा तोरा.

मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण आमच्या घाटकोपरच्या फुटपाथवर चालायचं कुठून? आईने हळूहळू बाहेर पडणंच सोडलं. काही विचारलं की, "तू जा गं, माझ्यापायी तुझा रविवार नको."

जानेवारीत एका रविवारी तिला कॅबमध्ये बसवलं आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात नेलं. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं हे केंद्र २०१७ मध्ये सुरू झालं. तिथे कांदळवनातून छोटा बोर्डवॉक आहे. चढ नाही, दमछाक नाही.

ओहोटी होती. मी सवयीने पुढे गेले, वळून पाहते तर आई मागेच वाकून उभी. "हे चिखलातून पेन्सिली उगवल्यासारखं काय गं?" ती तिवराची श्वासमुळं. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून मुळं हवेसाठी वर येतात. तिवर जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतो. आईने पानावर बोट फिरवून जिभेला लावलं. "अगंबाई, खारट!"

इथवर गाइड मी होते. तेवढ्यात चिखलात काहीतरी टुणकन उडालं. मी म्हटलं, बेडूक. आई हसायलाच लागली. "निवटी आहे ती! मासा! आजीच्या हातचं निवट्यांचं कालवण विसरलीस?" मग अलिबागकडचं आजोळ, खाजण, चिखलात हात घालून निवट्या पकडणारे मामा, सगळं निघालं. गेल्या कित्येक महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती.

तिला २६ जुलैही आठवला. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. बाबा अंधेरीहून रात्रभर चालत घरी आले. कांदळवन गाळ धरून ठेवतं, लाटांचा जोर कमी करतं. मिठीकाठची कांदळवनं बुजवल्याची चर्चा त्या पुरानंतर खूप झाली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली. पुढे २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. ज्याला मी झुडपं म्हणत होते, ते हे!

तुम्हीही जाणार असाल तर दोन गोष्टी. भरती-ओहोटीची वेळ बघून निघा. निवट्या आणि एक नांगी मोठी असलेले खेकडे ओहोटीलाच दिसतात. आणि डासांसाठी क्रीम घ्या. फ्लेमिंगो दिसले तर बोनस.

एवढीशी वाट, आम्हाला तासभर लागला. फिटनेस ॲपने त्याला वॉक म्हणून मोजलंसुद्धा नाही. पण परतताना पुलावर आईने स्वतः खिडकीची काच खाली केली, आणि विचारलं, "पुढच्या रविवारी ओहोटी किती वाजता गं?"

तुमच्या घरात हळू चालणारं कोण आहे? या रविवारी त्यांच्या वेगाने चालून बघा. भेटू पुढच्या भागात!