कापड उलटून पाहा

(महिला मंडळाने सोसायटीच्या सभागृहात भरविलेल्या पारंपरिक वस्त्रांच्या प्रदर्शनात केलेले भाषण)



साड्यांच्या प्रदर्शनात या बँकवाल्याचं काय काम, असं काहींच्या मनात आलं असेल. सांगतो. बँकेतल्या नोकरीने एक सवय हाडात भिनली. नोट हातात आली की उजेडात धरायची आणि उलटून पाहायची. कापडाचंही बरंचसं तसंच आहे. त्याचं खरं-खोटं पाठीमागे कळतं. आज एवढंच सांगायला उभा आहे.

आता खिशातली जांभळट रंगाची शंभराची नोट काढा. २०१८ साली आलेली. तिच्या मागे 'राणी की वाव' आहे. ही पायऱ्यांची विहीर गुजरातेत पाटणला आहे, आणि त्याच पाटणात साळवी मंडळी पटोळा विणतात. बाराव्या शतकात राजा कुमारपालाने हे विणकर जालन्याहून नेले, अशी परंपरा सांगतात. म्हणजे आपलं जुनं नातंच निघालं की!

एरवी नक्षी विणताना काढतात किंवा तयार कापडावर छापतात. पटोळ्यात ती विणण्याआधीच धाग्यावर असते. उभे आणि आडवे, दोन्ही धागे मोजून ठरल्या जागी सुताने घट्ट बांधायचे आणि रंगात बुडवायचे. बांधलेल्या जागी रंग लागत नाही. मग सोडायचे, दुसरीकडे बांधायचे, पुन्हा दुसरा रंग. मागावर उभ्या धाग्यातला लाल आडव्यातल्या लालावरच यायला हवा. थोडं विणलं की सुईने धागे सरकवून नक्षी जुळवायची. एका साडीला चार-सहा महिने जातात. पण उलटून पाहा, दोन्ही बाजू सारख्याच! राजकोटला फक्त आडवा धागा बांधून रंगवलेला पटोळाही होतो. तोही कष्टाचाच, पण वेगळा. पाटणचा म्हणून तो कुणी देऊ नये.

या पद्धतीला जगभर 'इकत' म्हणतात. मलाय भाषेत बांधण्याला हा शब्द आहे. आपले पटोळे व्यापाऱ्यांनी इंडोनेशियाला नेले, तिथे ते घराण्याची ठेव म्हणून जपले गेले. बालीतल्या तेंगानान गावात आजही दोन्ही धागे बांधून 'गरिंगसिंग' विणतात. 'गरिंग' म्हणजे आजारी आणि 'सिंग' म्हणजे नाही. हे वस्त्र पीडा दूर ठेवतं, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. उझबेकिस्तानात उभे धागे बांधून रंगवतात आणि त्या कापडाला 'अब्र' म्हणतात. अब्र म्हणजे ढग, आपल्या 'अभ्र' शब्दाचा भाऊ. कारण अशा नक्षीच्या कडा किंचित धूसर असतात. फार रेखीव कडा आणि मागे फिकट रंग दिसला, तर छापील माल समजा.

आपल्या पैठणीलाही हीच परीक्षा लावा. हातमागाच्या पारंपरिक पैठणीत पदरावरचा मोर वेगवेगळ्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवत विणलेला असतो. मागून पाहिलं तरी मोर स्वच्छ दिसतो. यंत्रावरच्या नकलेत बहुधा मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात.

आता जरा बँकेचा हिशेब. भगिनी म्हणतात, "अहो, पण किंमत केवढी!" समजा, एक पटोळा दोन लाखांना गेला. रेशीम, रंग वगैरेचे पन्नास हजार वजा केले. राहिले दीड लाख. तीन माणसं पाच महिने राबली, तर माणशी महिना दहा हजार पडले. शिवाय रेशीम आधी घ्यायचं आणि पैसा महिनोन्‌महिने मागावर अडकलेला. त्याचं व्याज अजून धरलेलंच नाही. आता सांगा, महाग कुठे आहे?

छापील साडी नेसण्यात कमीपणा नाही बरं का. ज्याची त्याची ऐपत असते. पण ती छापील म्हणून, छापील भावात घ्यावी. नकलेला अस्सल नाव मिळालं की अस्सल माल उगाच महाग वाटायला लागतो. मग विणकराचा मुलगा दुसरी नोकरी धरतो. ही विद्या हाताला हात लावून शिकायची. एक पिढी तुटली की पुस्तकातून परत येत नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला बेटांवर हॅरिस ट्वीड नावाचं लोकरी कापड होतं. त्याच्यासाठी ब्रिटिश संसदेने १९९३ साली कायदा केला. लोकर त्या बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी आणि कापड तिथल्या माणसाने स्वतःच्या घरी हाताने विणलेलं हवं. तपासणी झाल्यावरच त्यावर शिक्का बसतो. आपल्याकडेही भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा आहे, तो २००३ मध्ये अमलात आला. पैठणी, पाटणचा पटोळा, पोचमपल्ली इकत यांना मानांकन मिळालेलं आहे. हातमागाच्या मालासाठी २००६ पासून 'हँडलूम मार्क' आहे.

पण मंडळी, कायदा दुकानात आपल्या शेजारी उभा राहत नाही. तिथे आपणच असतो. म्हणून तीन गोष्टी करा. साडी उलटून पाहा. शिक्का मागा. आणि बिलावर 'हातमाग, शुद्ध रेशीम' असं लिहून घ्या. दुकानदार लिहायला कां-कूं करू लागला, की काय ते समजा.

आणखी एक. बँकेत आपण नॉमिनेशन करतो ना? तशी प्रत्येक जुन्या साडीच्या घडीत एक चिठ्ठी ठेवा. कुणाची, कुठली, कुठल्या साली घेतली आणि कशी विणलेली आहे. नाहीतर नातवंडांना ते नुसतं जुनं कापड वाटेल आणि भांडीवालीकडे जाईल.

समोरच्या टेबलांवर आपल्याच घरांतल्या साड्या मांडल्या आहेत. मालकिणींची परवानगी घेऊन आणि हात स्वच्छ धुऊन त्या जरूर उलटून पाहा. बटाटेवड्याचा हात मात्र लावू नका!