जोडधंद्याचा हिशेब आणि आयकरातील वजावट



"शेतीला आयकर नाही, मग विवरणपत्राशी आमचा काय संबंध?" असे आपण पुष्कळदा म्हणता. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, हे खरे. परंतु गोठ्यातील दूध, कोंबड्यांची अंडी, भाड्याने दिलेला ट्रॅक्टर यांचे उत्पन्न कायद्याने शेतीचे नव्हे, तर धंद्याचे ठरते. धंद्यात कर नफ्यावर असतो, सगळ्या विक्रीवर नाही. मात्र खर्चाचा पुरावा नसेल, तर हाती न आलेल्या पैशावरही कर भरण्याची पाळी येते. म्हणून शेत, गोठा आणि घर यांच्या तीन वेगळ्या वह्या ठेवा.

गोठ्याच्या वहीत विकत घेतलेली पेंड व कडबा, औषधे, गड्याचा पगार आणि गोठ्याच्या कर्जावरील व्याज लिहा. शेत व गोठ्याला वीजमीटर एकच असेल, तर गोठ्याचा वाटा तेवढाच धरा. शेतातील खताचे बिल दुधाच्या उत्पन्नातून वजा होत नाही, कारण शेतीचे उत्पन्न मुळातच करमुक्त आहे.

कडबाकुट्टी यंत्राची पूर्ण किंमत एकाच वर्षी वजा होत नाही. त्यावर दरवर्षी घसारा मिळतो. यंत्रांसाठी सर्वसाधारण दर १५ टक्के आहे. ६०,००० रुपयांच्या यंत्रावर पहिल्या वर्षी ९,००० रुपये मिळतील. त्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला असल्यास ४,५०० रुपये मिळतील.

जनावरावर घसारा नाही. परंतु दुभती म्हैस मेली किंवा कायमची निकामी झाली, तर खरेदीच्या किमतीतून तिचे आलेले पैसे वजा करून उरलेली रक्कम खर्चात धरता येते. ८०,००० रुपयांच्या म्हशीचे ५,००० रुपये आले, तर ७५,००० रुपयांची वजावट होते. विम्याचे पैसे मिळाल्यास तेही कर सल्लागारास सांगा. ही वजावट अनेकांच्या हातून जाते, कारण बाजाराची पावती आणि पशुवैद्यकाचा दाखला जपलेला नसतो.

पैसे देतानाही काळजी घ्या. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास, काही अपवाद सोडता, ती रक्कम खर्चात धरली जात नाही. म्हणून मोठी रक्कम बँकेमार्फत द्या.

घरचा किराणा किंवा लग्नाचा मांडव हा धंद्याचा खर्च नव्हे. आयुर्विम्याचा हप्ता व मुलांची शिकवणी फी यांसाठी वैयक्तिक वजावट आहे. ती सर्व मिळून दीड लाख रुपयांपर्यंत आणि फक्त जुनी करप्रणाली निवडल्यास मिळते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, आपण वेगळी निवड केली नाही, तर नवी करप्रणाली लागू होते. तीत या वजावटी नाहीत. गोठ्याचा खर्च मात्र दोन्हींत चालतो.

लहान धंद्याला विक्रीच्या ठराविक टक्क्यांइतका नफा दाखवण्याचीही सोय आहे. ती घेतल्यास खर्च पुन्हा वेगळा वजा होत नाही. आपल्याला काय परवडते, हे सल्लागाराकडून दोन्ही रीतींनी मांडून घ्या. त्यासाठी वही आपल्याकडेच हवी.

तेव्हा आज डेअरीला दूध घालून घरी आलात, की खिशातील पेंडीची पावती काढा आणि वहीत लावा.