घरबसल्या बाजारहाट

श्रोतेहो, मोबाईलवरून माल मागविण्याची पद्धत अगदी नवी आहे, असे आपण समजतो. पण तिचे मूळ बरेच जुने आहे. सन १८७७ मध्ये टपालखात्याने आपल्या देशात व्ही. पी. सुरू केली. वर्तमानपत्रात पुण्या-मुंबईच्या दुकानाची जाहिरात वाचायची, एक कार्ड टाकायचे, आणि पुढे केव्हातरी पोस्टमन पुडके घेऊन दारात आला की पैसे मोजून ते सोडवून घ्यायचे. पैसे आधी, पुडके उघडायचे मागून, हा तिचा नियम. त्यामुळे आपली जुनी माणसे कार्ड टाकण्यापूर्वी चारदा विचार करीत. आता कार्डही नको आणि वाट पाहणेही नको. पडद्याला बोट लागले की खरेदी झाली! मधला विचाराचा वेळ तेवढा नाहीसा झाला. आणि आपले पैसे जास्तीचे जातात ते माझ्या मते मुख्यतः याच ठिकाणी.

ही घाई आपोआप होत नाही, ती करविली जाते. ‘फक्त दोन नग शिल्लक’, ‘सूट संपायला दहा मिनिटे’ असे शब्द लाल अक्षरांत समोर येतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या युक्त्यांना मनाई केली आहे. त्यांत ही खोटी घाई आहे. न मागितलेली वस्तू किंवा विमा गुपचूप टोपलीत घालणे आहे. आणि शेवटच्या पायरीपर्यंत जास्तीचे आकार लपवून ठेवणेही आहे. मनाई झाली म्हणून सगळे थांबले असे मात्र कोणी समजू नये. वस्तू टोपलीत टाकून एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी निम्म्या वस्तूंची गरजच वाटत नाही, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

आता सुटीविषयी. सुटी म्हणजे शाळेची नव्हे, किमतीतली! पडद्यावर एक आकडा खोडलेला असतो आणि शेजारी ‘सत्तर टक्के सूट’ असे लिहिलेले असते. खोडलेला आकडा बहुधा छापील कमाल किंमत असते. तिच्याहून जास्त घेता येत नाही, असा कायदा आहे. पण ती केवढी छापावी हे बहुतेक वस्तूंच्या बाबतीत कारखानदारच ठरवितो. जी किंमत कधी कोणी दिली नाही, तिच्यावरच्या सुटीचे कौतुक काय करायचे? आपल्या हाती किती रुपयांना पडते, एवढेच पाहावे.

आणि ते पाहायचे तर वजनामागे पाहावे. समजा, कपड्याच्या पावडरीचे एक किलोचे वेष्टन १४० रुपयांना आहे आणि दोन किलोचे २९० रुपयांना. मोठे वेष्टन स्वस्त असणारच, असे मानून आपण दुसरे घेतो आणि किलोमागे पाच रुपये जास्त देतो. हल्ली वेष्टनावर दर ग्रॅमला किंवा दर किलोला काय पडते, तेही छापावे लागते. पण ते अक्षर इतके बारीक की चष्मा लावूनही दिसत नाही. शिक्षकबंधूंना व भगिनींना माझी एक सूचना आहे. त्रैराशिक शिकविताना पुस्तकातले आंबे आणि मजूर थोडे बाजूला ठेवावेत आणि मुलांना घरची रिकामी वेष्टने आणायला सांगावीत. सहावीतली मुलगी हा हिशेब शिकली की घरात आईला सांगितल्याशिवाय राहत नाही.

पोचविण्याच्या आकाराचेही तसेच. वस्तू १८० रुपयांची, आणि पोचविण्याचे ४० रुपये. पाचशेच्या वर मागविले तर पोच फुकट. मग ते चाळीस वाचविण्यासाठी आपण नको असलेली सव्वातीनशे रुपयांची वस्तू घेतो! त्यापेक्षा शाळेतल्या चार शिक्षकांनी किंवा बचत गटातल्या बायकांनी महिन्याची यादी एकत्र करून एकाच पत्त्यावर माल मागवावा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली स्थापन झाली. तिने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून एकत्र घाऊक खरेदीची पद्धत रुजविली, ती मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी. ती रीत या नव्या बाजारातही चालते.

हप्त्याची खरेदी ‘बिनव्याजी’ म्हणून मिळते, तिचेही थोडे ऐका. रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला पुष्कळदा मिळत नाही. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी निराळा. म्हणजे व्याज गेले नाही, त्याने नाव बदलले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच अशा शून्य टक्के व्याजाच्या योजनांबद्दल बँकांना बजावले होते.

पण सगळ्यांत महाग पडते ती चुकीच्या जागी केलेली काटकसर. समजा, तासगावकडच्या एका छोट्या बागाईतदाराला सोळा लिटरचा बॅटरी पंप हवा आहे. तालुक्याच्या दुकानात तीन हजार, मोबाईलवर सव्वीसशे. चारशे रुपये वाचले! ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरून येते, घडांवर दावण्या उतरण्याची भीती, आणि नेमका त्याच सकाळी पंप बंद पडतो. दुरुस्तीसाठी तो दूरच्या शहरात पाठवायचा आणि आठवडाभर वाट पाहायची. त्या आठवड्यात वर्षाचे पीक हातचे जाऊ शकते. म्हणून यंत्र घेताना किंमत विचारण्याआधी विचारावे की याचा सुटा भाग कराडात, विट्यात, मिरजेत मिळतो का? मोबाईलवरचा भाव गावच्या दुकानदाराला दाखवावा. तो पुष्कळदा शे-दोनशेने खाली येतो. शिवाय उसाचे बिल येईपर्यंत थांबणारा दुकानदार तोच असतो, हेही हिशेबात धरावे.

औषधांचे तर विशेष जपावे. कीटकनाशके ऑनलाइन विकण्यास २०२२ साली मुभा मिळाली, पण ती परवाना असलेल्या विक्रेत्यालाच. बियाणे असो वा औषध, लॉट किंवा बॅच क्रमांक असलेले पक्के बिल नसेल तर न उगवलेल्या पेरणीची दाद मागताना हातात काही राहत नाही. आणि एक गमतीची गोष्ट: सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी सांगली जिल्ह्यातलीच माणसे चकचकीत डबीतली हळद पोचविण्याचा खर्च देऊन मागवितात. याला काय म्हणावे!

एवढे करूनही माल खराब निघाला तर? पार्सल उघडतानाच व्हिडिओ घ्यावा. तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक त्या ॲपमध्येच पाहावा, गूगलवर शोधू नये. तिथे भामटे टपून बसलेले असतात. ‘पैसे परत करतो, पिन टाका’ असे कोणी म्हणाले की फोन ठेवून द्यावा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. पैसे गेलेच, तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

२०२० च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन दुकानाने तक्रारीची पोच ४८ तासांत दिली पाहिजे आणि महिन्याभरात तिचा निकाल लावला पाहिजे. तसे झाले नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. तिनेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. नव्या कायद्याने, म्हणजे २० जुलै २०२० पासून, ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. दुकान बंगळुरात असले तरी माणच्या माणसाने साताऱ्याला आणि जतच्या माणसाने सांगलीला अर्ज द्यावा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असेही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. तेव्हा बिल, व्हिडिओ आणि आलेले संदेश तोपर्यंत पुसून टाकू नयेत.