खाडीपलीकडचा कार्डिओग्राम



रायगडच्या किनाऱ्यावर भरलेल्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मी थेट विषयाकडे येतो. हृदयाची नोंद रुग्णालयाबाहेर कशी घ्यायची, हे तंत्रज्ञानाने सोडवलेलं कोडं आहे. त्या नोंदीवर निर्णय कुणी आणि कुठे घ्यायचा, हे आपण अजून सोडवलेलं नाही.

लांबून हृदय पाहण्याचा प्रयत्न शंभर वर्षांहून जुना आहे. १९०५ साली हॉलंडमधल्या लायडेन इथे विलेम आइन्थोव्हेन यांचं यंत्र इतकं अवजड होतं, की ते रुग्णापर्यंत नेणंच अशक्य. त्यांनी रुग्णालय ते प्रयोगशाळा अशी सुमारे दीड किलोमीटर टेलिफोनची तार वापरली. रुग्ण तिकडे, आलेख इकडे. पुढे अमेरिकेत मोंटानातल्या नॉर्मन हॉल्टर यांनी यंत्र माणसाच्या पाठीवर चढवलं. १९४०च्या दशकाअखेरीचं ते ओझं ३८ किलोंचं होतं. आज त्यांच्याच नावाचा, सतत नोंद घेणारा हॉल्टर कमरेला लटकतो आणि रुग्ण त्यासकट बाजारहाट करतो. आपल्या उरण-घारापुरीसमोर, खाडीपलीकडे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्राने खिशात मावणारं टेली-ईसीजी यंत्र विकसित केलं. बारा लीडची, म्हणजे हृदय बारा कोनांतून दाखवणारी, पट्टी त्यातून मोबाइलवर जाते. म्हणजे यंत्र आपल्या दारात आलं आहे.

पण दारात आलेलं यंत्र कुणाला, कशासाठी लावायचं, याचा विचार आपल्याच मातीत करावा लागतो. मधूनच धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि दवाखान्यात पट्टी काढली की सगळं ठीक! असा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. त्याला हॉल्टर हवा, आणि तोही तो नेहमीचं काम करत असताना. जाळं ओढताना धडधडणाऱ्या माणसाला ‘चोवीस तास घरी पडून राहा’ असं सांगून यंत्र लावलं, तर त्या नोंदीला काय अर्थ? अर्थात होडीवर यंत्र भिजू देता येत नाही, आणि एप्रिल-मेच्या दमटपणात घामाने इलेक्ट्रोड सुटतात. छातीवरचे केस काढणं, कातडी स्पिरिटने पुसून कोरडी करणं, वायर टेपने दाबणं, ही हलकी कामं समजली जातात. नोंद वाचनीय होते ती याच कामांमुळे. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्या त्रासाची वेळ घरातल्या शाळकरी पोराने वहीत टिपली तरी चालते. मायट्रल झडप आकुंचलेल्या तरुण बाईचं हृदय अधूनमधून अनियमित चालतं, हे अशा नोंदीत वेळेवर दिसलं, तर तिचा पक्षाघात टळू शकतो.

हृदयविकाराच्या झटक्याची गोष्ट निराळी, आणि तिथे मला काळजी वाटते. मनगटावरचं घड्याळ एका लीडची नोंद घेतं. ठोके अनियमित आहेत का, हे त्यावरून कळेल. हृदयाच्या कुठल्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला, हे कळणार नाही. घड्याळ ‘नॉर्मल’ म्हणालं म्हणून छातीतली कळ ‘गॅस’ ठरवून घरी बसलेला माणूस दगावू शकतो. छातीत कळ आली की बारा लीडची पट्टी, आणि रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत. त्यानंतर वेळेचं गणित सुरू होतं. दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं औषध तिथेच द्यावं, असं जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. श्रीवर्धनहून पनवेल किंवा नवी मुंबई दोन तासांत गाठणं मला तरी शक्य दिसत नाही. पावसाळ्यात तर रस्त्याची खात्री कुणी देत नाही. म्हणून टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात हवं, ते द्यायचं धैर्य तिथल्या डॉक्टरात हवं, आणि पुढचा प्रवास १०८ च्या गाडीने त्यानंतर व्हावा.

हे धैर्य आपल्या जिल्ह्याला परकं नाही. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि पुढे महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाने दंश केलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून राहिले. त्या विषाने रक्तदाब भडकतो, मग हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा टिपला. १९८२ साली त्या निरीक्षणांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली, १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’ने छापलं, आणि मृत्यूचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरलं. २०११ मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह केलेली प्रतिविषाची चाचणी ‘बीएमजे’त आली. मोठ्या रुग्णालयाबाहेर हृदयावर ठेवलेली ही पाळतच होती. नोंद घेणारा आणि त्यावर औषध देणारा माणूस एकच होता, आणि माझ्या मते त्यामुळेच रुग्ण वाचले.

आता आपण नोंद एकाकडे आणि निर्णय दुसऱ्याकडे अशी वाटणी करतो आहोत. ती वाटणी सोयीची आहे. पण मधला धागा तुटला तर? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा इथे वीज गेली आणि मोबाइलचे मनोरे मुके झाले. त्या दिवसांत ‘पट्टी पाठवली, उत्तराची वाट बघतोय’ असं म्हणणाऱ्या डॉक्टरने करायचं काय? यंत्र बॅटरीवर चालणारं, नोंद स्वतःत साठवणारं आणि कागदावर छापणारं असलं पाहिजे. आणि ती पट्टी तिथल्या तिथे वाचणारं कुणीतरी प्रत्येक पाळीत हजर असलं पाहिजे. पट्टीवरचा एसटी सेगमेंट वर उचलला गेलाय, ही झटक्याची खूण ओळखायला शिकवलं, तर अनुभवी परिचारिका ती ओळखते, याबद्दल मला शंका नाही.

उद्या सकाळच्या सत्रात मी तीन मागण्यांचा ठराव मांडणार आहे: किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रात्रीसुद्धा बारा लीडची पट्टी निघावी, गुठळी विरघळवणारं औषध तिथे कायम शिल्लक असावं, आणि मोठ्या रुग्णालयातल्या हृदयरोगतज्ज्ञाने फोनवर दिलेला सल्ला लेखी नोंदवला जावा, म्हणजे औषध देणारा तरुण डॉक्टर एकटा पडणार नाही. तिसऱ्या मागणीवर मतभेद होतील. ज्येष्ठ मंडळींनी ते आजच माझ्याकडे मांडावेत. मसुदा रात्री बदलायची माझी तयारी आहे.