औषधाची किंमत आणि परिचारिकेचे श्रम



२३ मार्च २०२३ रोजी भारताच्या पेटंट कार्यालयाने बेडाक्विलिन या क्षयावरील औषधाची मक्तेदारी लांबवू पाहणारा जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा अर्ज फेटाळला. त्या अर्जाला हरकत घेणाऱ्यांत दोन तरुण स्त्रिया होत्या : मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघींनाही क्षयाने गाठले होते आणि क्षयावरील जुन्या औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती हिरावून घेतली होती. त्याच वर्षी जुलैत मूळ पेटंटाची मुदत संपली आणि भारतीय कारखान्यांना हे औषध तयार करण्याची वाट मोकळी झाली. मक्तेदारीच्या तटबंदीचा एक चिरा दोन रुग्ण स्त्रियांनी ढासळवावा, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि औषध स्वस्त होणे आणि रोगी बरा होणे यांच्या दरम्यान बरेच अंतर असते. ते अंतर रोज तुडवणारी व्यक्ती बहुधा परिचारिका असते, आणि औषधांच्या किमतीवरील चर्चेत तिचे नाव सहसा निघत नाही.

हे औषध नाक्यावरच्या दुकानात चिठ्ठी दाखवून घ्यावयाचे नव्हे. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर ते सरकारी कार्यक्रमातूनच दिले जाते. २०१६ साली ते भारतात आले तेव्हा अवघ्या सहा केंद्रांत मिळत असे. पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून ते नाकारले गेले, आणि तिच्या वडिलांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये औषध देण्याचे ठरले. २०१८ साली ती मुलगी मरण पावली. त्यानंतर औषधाचा पुरवठा विस्तारला. पूर्वी हा उपचार दीड-दोन वर्षे चाले आणि त्यात अनेक महिने रोज इंजेक्शन असे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता दिली. इंजेक्शन गेले, आता सारे पोटात घ्यावयाचे. मग परिचारिकेचे काम संपले, असे एखाद्या हिशेबनीसाला वाटेल.

वस्तुतः ते वाढले आहे. बेडाक्विलिन जेवणासोबत घेतले तरच अंगी लागते. ज्याच्या घरी सकाळची चूल पेटत नाही त्याला हे कोणीतरी सांगावे लागते, आणि सांगण्याआधी चूल पेटते की नाही हे विचारावे लागते. या औषधाने हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडू शकतो, म्हणून ठरावीक काळाने ईसीजी काढावा लागतो. लिनेझोलिडने रक्त कमी होते, तळपायांना मुंग्या येतात, क्वचित दृष्टी मंदावते. अशक्तपणासाठी कोणी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि रोग्याने त्या मॉक्सिफ्लॉक्सासिनबरोबरच गिळल्या, तर त्या औषधाचा गुण उणावतो. पायाला मुंग्या येतात हे रोगी आपण होऊन सांगत नाही. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्याला ते थकव्याचेच लक्षण वाटते. खुर्चीत बसलेल्या डॉक्टरांपुढे दोन मिनिटांत न उमगणारी ही गोष्ट वजन करताना सहज विचारणाऱ्या सिस्टरला कळते.

याहून गंभीर बाब पुढेच आहे. कंटाळून, घाबरून किंवा रोजगार बुडतो म्हणून रोग्याने सर्व गोळ्या सोडल्या, तर बाकीची औषधे थोड्या दिवसांत शरीरातून निघून जातात. बेडाक्विलिन मात्र महिनोन्‌महिने रेंगाळते. म्हणजे जंतूंपुढे ते एकटे आणि क्षीण उरते, आणि त्याला पुरून उरण्याची विद्या जंतू शिकतात. ते जंतू मग खोकल्यावाटे शेजाऱ्याकडे जातात. लढून मिळवलेले औषध असेही गमावले जाऊ शकते.

हे ज्ञान नवे नाही. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयोपचार केंद्र निघाले आणि तेथील प्रयोगाचा निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाला : दाटीच्या, दरिद्री घरात राहून औषध घेणारे रोगी आरोग्यधामातल्या रोग्यांइतकेच बरे होतात. त्या निष्कर्षाने जगभरची आरोग्यधामे ओस पाडली. परंतु त्या घरांत अवचित भेट देऊन गोळ्या मोजणारी, लघवी तपासणारी माणसेही त्या प्रयोगाचाच भाग होती. सरकारांनी निष्कर्षातली काटकसर तेवढी उचलली.

आता माणसांऐवजी यंत्र पुढे केले जाते. पाकिटावरील क्रमांकावर फोन लावला की मात्रा घेतल्याची नोंद होते. सोय चांगली आहे. तिला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र फोन आला नाही तर का आला नाही, हे त्या यंत्राला विचारता येत नाही. दाराशी जाऊन ते कोणीतरी विचारायचे असते.

ती कोण आणि कशा अवस्थेत जाते? क्षयाच्या कक्षात काम करता करता परिचारिकांनाच तो रोग जडल्याची उदाहरणे आहेत. सार्वजनिक कार्यक्रमांत कंत्राटी नेमणुकांचा सुळसुळाट आहे. खाजगी रुग्णालयांची कथा आणखी निराळी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने लहानांत लहान खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. केरळात परिचारिका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा २०१८ साली तेथे वेतनाची अधिसूचना निघाली. शिफारशीला पाय फुटतात ते असे. बाकी ठिकाणी तिला ‘सेवेची मूर्ती’ म्हणून १२ मे रोजी पुष्पगुच्छ देण्यात येतो.

दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतात प्रशिक्षित परिचारिकांच्या हाती या कठीण क्षयाचे उपचार सोपवून पाहण्यात आले. त्यांचे रोगी डॉक्टरांच्या रोग्यांच्या तुलनेत मागे पडले नाहीत. तेथे परिचारिकेला निर्णयाचा अधिकार होता. येथे तिच्याकडे मुख्यतः नोंदवह्या येतात.

म्हणून औषधांच्या किमतीसाठी निघणाऱ्या मोर्च्याच्या मागण्यांत यापुढे आणखी काही ओळी असाव्यात. क्षयाच्या प्रत्येक केंद्रात कायम पदावरील परिचारिका, तिला मुखपट्टी आणि हवेशीर खोली, घरभेटीसाठी प्रवासखर्च, आणि दुष्परिणाम दिसताच रोग्याला थेट वरच्या तपासणीस पाठवण्याचा लेखी अधिकार. मागणीपत्रावर पहिली सही त्या परिचारिकांच्या संघटनेची घ्यावी.